सर्वात कनिष्ठाला आधी बोलू द्या

प्रति,
सैनिकी प्रशिक्षण केंद्रांचे प्रमुख आणि तुकड्यांचे अधिकारी,
तसेच ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि बिशप

सप्रेम नमस्कार.

तुम्हा दोघांना एकाच पत्रात गाठण्याचे कारण असे की, तुमच्या हाताखालच्या माणसांबद्दल बाहेरचे लोक एकाच सुरात बोलतात. 'सैनिक असाच विचार करतात', 'ख्रिस्ती लोक असे मानतात'. बाहेरच्यांचे सोडा. तुम्हीही हळूहळू तसेच धरून चालता, आणि मग तुमच्या बैठका, वर्ग आणि हुकूम त्याच समजुतीवर उभे राहतात, ही आमची तक्रार आहे. गणवेश चढवला किंवा बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसाची निर्णयबुद्धी दुसऱ्याच्या हवाली होत नाही. ती त्याच्यापाशीच राहते, फक्त बोलेनाशी होते. आणि न बोलणारी बुद्धी ऐन गरजेच्या दिवशी तुमच्या उपयोगी पडत नाही.

'ख्रिस्ती लोक असे मानतात' हे वाक्य किती पोकळ आहे, ते तलवारीच्याच प्रश्नावर पाहा. १५२७ साली स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम येथे जमलेल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी, म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी, सात कलमे लिहिली. त्यांतल्या सहाव्यात, ख्रिस्ताच्या अनुयायाने तलवार हाती धरू नये, असे स्पष्ट म्हटले. तीनच वर्षांनी, १५३० साली, लूथरच्या अनुयायांनी आउग्सबुर्ग येथे आपला विश्वासाचा अंगीकार सादर केला. त्याचे सोळावे कलम सांगते की ख्रिस्ती माणसाने न्याय्य युद्धात लढणे आणि शिपाईगिरी करणे योग्य आहे. दोघांपुढे पवित्र शास्त्र एकच होते. लूकच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला 'आम्ही काय करावे' असे विचारतात. तो त्यांना चाकरी सोडायला सांगत नाही. जुलमाने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. हा उतारा दोन्ही बाजूंना पाठ होता.

त्याहून जुना प्रसंग इ. स. २९५ चा, उत्तर आफ्रिकेतल्या थेवेस्ते येथला. सैनिकाचा मुलगा असलेल्या मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाला भरतीसाठी उभे केले. मी ख्रिस्ती आहे, चाकरी करू शकत नाही, असे तो म्हणाला. त्यावर प्रांताधिकारी डिओनने त्याला सुनावले की खुद्द सम्राटांच्या पथकात ख्रिस्ती शिपाई आहेत आणि ते चाकरी करतात. मॅक्सिमिलियनच्या उत्तराचा आशय असा होता की त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी मात्र वाईट करू शकत नाही. त्याचा शिरच्छेद झाला. या उत्तरात त्याने दुसऱ्या ख्रिस्ती शिपायांना दोष दिला नाही आणि त्यांच्या आड लपलाही नाही. तुमच्याकडे आमचे मागणे आहे ते याच मोकळीकीचे, आणि ती कोणाला जीव गमावून मिळवावी लागू नये याचे.

माणसे गप्प का होतात, याचे उत्तर भ्याडपणात शोधू नका. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी साधा प्रयोग केला. एका रेघेइतकीच लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची. खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचे उत्तर देत. खऱ्या सहभागी व्यक्तींनी अशा वेळी सुमारे ३७ टक्के उत्तरे समूहाबरोबर चुकीची दिली, आणि साधारण तीन चतुर्थांश माणसे एकदा तरी घसरली. डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना. मात्र खोलीत एकच साथीदार खरे बोलू लागला की चुकांचे प्रमाण पाव हिश्श्यापर्यंत खाली येई. एवढेच काय, तो साथीदार स्वतः वेगळे पण चुकीचे उत्तर देत असला तरी माणसे मोकळी होत. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले तरीही दडपण बरेच उतरे.

स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या प्रयोगातही तेच दिसते. प्रयोग घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ जणांनी, दुसऱ्या माणसाला खरेच धक्के बसतात असे समजून, विजेच्या खोट्या धक्क्यांचे यंत्र ४५० व्होल्टपर्यंत नेले. पण शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी मध्येच नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त चार. तुमच्यासारख्या कामात याचा अर्थ सरळ आहे. प्रत्येकाला धाडसी बनवण्याचा ध्यास सोडा. पहिला वेगळा आवाज स्वस्तात निघेल अशी खोली तयार करा.

तशी खोली तुमच्याकडे आधीपासून आहे, म्हणून तर आम्हाला इतके वाईट वाटते. ब्रिटिश परंपरेतल्या लष्करी न्यायालयात मत देण्याची सुरुवात सर्वात कनिष्ठ सदस्यापासून करण्याची रीत जुनी आहे, कारण कर्नल एकदा बोलला की लेफ्टनंटला स्वतःचे मत उरत नाही. अमेरिकी लष्करी न्यायालयात मते गुप्तपणे लिहून घेतात. रोममध्ये पोपची निवड होते तेव्हा प्रत्येक कार्डिनल चिठ्ठीवर नाव लिहितो, तेही शक्यतो आपले अक्षर ओळखू येणार नाही असे. निवडीला दोन तृतीयांश मते लागतात आणि चिठ्ठ्या जाळून टाकतात. म्हणजे सर्वात गंभीर निर्णयाच्या वेळी दोन्ही संस्थांनी दर्जाच्या दडपणाची पक्की दखल घेतली. मग सोमवारच्या तुकडीच्या बैठकीत आणि मंडळीच्या कार्यकारिणीत ती का घेत नाही?

तिथे काय करायचे, ते तपशिलात सांगतो. प्रमुखाने प्रश्न मांडायचा, आपला कल नाही. प्रश्न 'करायचे की नाही' असा नसावा. 'यात काय चुकू शकते आणि तुम्ही काय वेगळे कराल' असा असावा. मग पाच मिनिटे पूर्ण शांतता, आणि प्रत्येकाने सारख्याच आकाराच्या कागदावर, सारख्याच पेन्सिलीने, दोन ते चार ओळी लिहायच्या. चिठ्ठ्या एकत्र करून मिसळायच्या. प्रमुखाने त्या वाचायच्या नाहीत. दुसऱ्याने सलग, टिप्पणी न करता वाचायच्या. त्यानंतर तोंडी चर्चा, सेवेने वा वयाने सर्वात कनिष्ठ असलेल्यापासून, आणि प्रमुख सर्वात शेवटी. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात यरुशलेमची सभा पाहा. आधी बराच वादविवाद, मग पेत्र, मग बर्णबा आणि पौल यांचे कथन, आणि ते संपल्यावर तिथल्या मंडळीचा प्रमुख याकोब. निर्णयाचे पत्र लिहिले गेले आणि यहूदा व सीला या दोघांबरोबर पाठवले गेले. त्याच अध्यायाच्या अखेरीस मार्कला बरोबर न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचे इतके बिनसले की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. लिहिणाऱ्याने ते झाकले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

ही पद्धत बिघडते ती ठराविक जागी. बैठकीआधी व्हरांड्यात प्रमुखाने आपले मत दोघांच्या कानात घातलेले असते, आणि ते खोलीत शिरण्यापूर्वी पसरते. तीन-चार माणसांच्या गटात अक्षर लगेच ओळखू येते. तिथे चिठ्ठ्यांचा आग्रह धरू नये, प्रमुखाने खोलीबाहेर जावे आणि सर्वांचे म्हणणे एकत्रित लिहून मागावे. वेगळे मत वाचले जाताच प्रमुख खुलासा करू लागतो, की पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या सारख्या येतात. सर्वात वाईट सवय म्हणजे शेवटी 'कोणाची हरकत?' असे विचारून तीन सेकंद थांबणे आणि मग इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिणे. त्या जागी 'किती जणांनी बाजूने मत दिले, किती जणांनी विरोधात, किती जण बोलले नाहीत' असे तीन आकडे लिहा. न बोललेल्यांचा आकडा वाढत चालला असेल तर तुमच्या गटाचा आजार कागदावर दिसू लागेल.

काही ठिकाणी एकाला मुद्दाम विरोधकाची भूमिका देतात. कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या चौकशीसाठी असे पद १५८७ साली ठरवले गेले होते, आणि १९८३च्या सुधारणेत त्याचे जुने रूप गेले. पद्धत निरुपयोगी नाही, पण तिच्यावर विसंबू नका. खोलीतल्या सर्वांना माहीत असते की हा माणूस नेमून दिलेले बोलतो आहे. त्यामुळे ऐकणारे आपले मत पुन्हा तपासत नाहीत, उलट पक्के करतात. मनापासून वेगळे वाटणाऱ्या माणसाला शोधून बोलते करणे जास्त अवघड आहे, आणि जास्त उपयोगी.

आता हुकुमाविषयी, फक्त सैन्याच्या प्रमुखांशी. गोळीबार चालू असताना 'खाली झोपा' या हुकुमावर चर्चा होत नसते, हे आम्हाला सांगायला नको. झटपट आज्ञापालनामुळे माणसे वाचतात. आमचे म्हणणे त्या हुकुमांबद्दल आहे ज्यांना आणि ज्यांच्या अंमलबजावणीला वेळ असतो: कैद्यांचे काय करायचे, गावाच्या वेशीवर कोणाला अडवायचे, संचारबंदीत उशिरा परतणाऱ्याचे काय.

हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी इस्रायलच्या सीमा पोलिसांना काही अरब गावांत संध्याकाळी पाच वाजल्यापासून संचारबंदी लावण्याचा हुकूम मिळाला. ती मोडणाऱ्याला गोळी घालायची होती. शेतांतून आणि कामांवरून परतणाऱ्यांना हे कळणे शक्यच नव्हते. आधीच्या बैठकीत त्यांच्याबद्दल विचारले गेले तेव्हा बटालियन प्रमुखाने अरबीत 'अल्ला त्यांच्यावर दया करो' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. हुकूम एकच, बैठक एकच. इतर गावांतल्या तुकडीप्रमुखांनी लोकांना घरी जाऊ दिले. कफ्र कासिममध्ये गोळ्या घातल्या गेल्या आणि जवळपास ५० माणसे मारली गेली, त्यांत स्त्रिया आणि मुले होती. १९५८च्या निकालात न्यायाधीश बेंजामिन हालेवी यांनी सांगितले की उघड बेकायदा हुकुमावर जणू काळा झेंडा फडकत असतो, आणि तो पाळणे हा बचाव होत नाही. शिक्षा मात्र कमी होत गेल्या आणि १९६० पर्यंत सारे दोषी सुटले.

या घटनेत सर्वात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तो प्रश्न. तो विचारला गेला होता, नेमका होता, आणि त्याला मुद्दाम धूसर उत्तर मिळाले. अशा उत्तराने वरच्याला नंतर हात झटकता येतात आणि खालच्याला वाटते की आपल्याला कळले. म्हणून प्रशिक्षणात धूसर उत्तराला काय म्हणायचे, ते शिकवा.

क्रम असा असू द्या. हुकूम स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा: 'म्हणजे पाचनंतर दिसेल त्या प्रत्येकावर गोळी, मुलांवरही, असे मी समजू का?' बहुतेक बेकायदा हुकूम याच पायरीवर मागे घेतले जातात असा आमचा विश्वास आहे, कारण ते स्पष्ट शब्दांत पुन्हा उच्चारणे देणाऱ्यालाच जड जाते. नंतर हेतू विचारायचा. नंतर एका वाक्यात अडचण, आणि लगेच पर्याय: 'त्यांना अडवून, झडती घेऊन, एका जागी बसवून ठेवू शकतो.' तरीही हुकूम कायम राहिला तर तो लेखी मागायचा किंवा तिसऱ्या माणसासमोर पुन्हा ऐकायचा. आणि शेवटी साधे वाक्य: 'हे मी करणार नाही.' आरोळी नाही, भाषण नाही. जागा सोडायची नाही, शस्त्र टाकायचे नाही, आपल्या साथीदारांचे रक्षण चालू ठेवायचे आणि पहिल्या संधीला वरच्या अधिकाऱ्याला कळवायचे.

हे सारे वाचून येत नाही, तोंडाने बोलून येते. कवायतीसारखे दोघादोघांच्या जोडीने, भूमिका बदलत, दर तीन महिन्यांनी अर्धा तास करून घ्या. हुकूम देणाऱ्याच्या भूमिकेत खरा वरिष्ठ बसवा. समवयस्काला नकार देणे सगळ्यांना जमते. उदाहरणे मिसळून द्या, दहापैकी सहा-सात हुकूम पूर्ण कायदेशीर पण अप्रिय असू द्यात, नाहीतर माणसे नावडत्या प्रत्येक कामाला बेकायदा म्हणायला शिकतील. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभे आहे त्या रोम संविधीच्या ३३व्या कलमानुसार 'मला हुकूम होता' हा बचाव चालायचा तर तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: पाळण्याचे कायदेशीर बंधन असणे, हुकूम बेकायदा आहे हे माहीत नसणे, आणि तो उघडपणे बेकायदा नसणे. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे करण्याचा हुकूम नेहमीच उघड बेकायदा मानला आहे. जर्मनीच्या १९५६च्या सैनिक कायद्याचे ११वे कलम आणखी पुढे जाते: मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारा किंवा सेवेच्या कामासाठी नसलेला हुकूम न पाळणे ही अवज्ञा ठरत नाही, आणि गुन्हा घडणार असेल तर तो पाळताच येत नाही. या दोन मजकुरांवर शिपायांच्या बोलीत एक पान तयार करा. कायद्याची भाषा पाठ करून घेऊ नका.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय येथे अमेरिकी शिपाई गावकऱ्यांना ठार मारत असताना ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकी शिपाई यांच्या मध्ये उतरवले, आणि अँड्रिओटा व कोलबर्न हे त्याचे दोन सहकारी त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याला त्याबद्दल 'सोल्जर्स मेडल' हे पदक मिळाले ते १९९८ साली. ही तीस वर्षे तुमच्या व्यवस्थेने खर्च केली, त्याने नाही.

मंडळ्यांच्या प्रमुखांनो, तुमच्याकडे गोळी नसते. माणूस गप्प मात्र तितकाच होतो, आणि कधी तो आवाज न करता दाराबाहेर जातो. त्यामुळे आधी तीन गोष्टी कागदावर वेगळ्या करा: ज्यांच्याशिवाय तुमची मंडळी तुमची राहणार नाही अशी विश्वासाची मूळ विधाने; एकत्र राहण्यासाठी ठरवलेले नियम, जे उद्या बदलू शकतात; आणि मते. मग गेल्या वर्षभराचे उपदेश आणि सूचना काढून पाहा. मतांच्या रकान्यातल्या किती गोष्टी तुम्ही पहिल्या रकान्याच्या आवाजात सांगितल्या? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात खाण्यापिण्याचे आणि विशेष दिवसांचे वाद याच तिसऱ्या रकान्यात ठेवले आणि प्रत्येकाने स्वतःच्या मनाची खातरी करून घ्यावी असे सांगितले. गलतीकरांस पत्रात तोच पौल अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केल्याचे लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयातल्या लोकांची स्तुती आहे ती पौलाचे म्हणणे शास्त्रात रोज तपासून पाहिल्याबद्दल. तपासणाऱ्याला तुमच्याकडे संशयी म्हणतात का, हे विचारून पाहा.

वेगळे मत वर पाठवण्याची वाट असली तरी ती मध्येच आटते. १६८८ साली पेन्सिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या सभासदांनी, गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला. मासिक सभेने विषय फार जड आहे म्हणून तो त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवण्याची पूर्ण बंदी केली ती १७७६ साली. मधल्या ८८ वर्षांत कोणी त्या चौघांना खोटे ठरवले नव्हते. उत्तर द्यायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. म्हणून नियमच करा: लेखी मताला ३० दिवसांत लेखी उत्तर, सही करणाऱ्याच्या नावासह, आणि वर पाठवले तर कोणाकडे, कधी, हे लिहिणाऱ्याला कळवायचे.

विवेकाच्या कारणाने कोणी नकार देतो तेव्हा त्याची परीक्षा घ्यावीच लागते. प्रत्येक 'माझे मन मानत नाही' खरे नसते. ब्रिटनमध्ये १९१६च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात विवेकाची सवलत होती, आणि सुमारे १६ हजार जणांनी ती मागितली. न्यायाधिकरणांत लष्कराचा प्रतिनिधी हजर असे, आणि नेहमीचा प्रश्न असे की शत्रूने तुझ्या आईवर वा बहिणीवर हल्ला केला तर काय करशील. या प्रश्नाने हजरजबाबीपणा कळतो, श्रद्धा नाही. त्यापेक्षा विचारा: ही धारणा कधीपासून आहे, तिच्यापायी आधी काय सोडले, कोणते काम कराल आणि कोणते नाही, सीमा नेमकी कुठे. त्याच्या चर्चची अधिकृत भूमिका पुरावा म्हणून मागू नका. त्याची श्रद्धा त्याची आहे, चर्चच्या ठरावाची नाही.

सीमा विचारून घेतली तर काय होते, हे दोन माणसांवरून दिसते. डेस्मंड डॉस हा अमेरिकी सैनिक शस्त्र धरत नव्हता. त्याला वैद्यकीय मदतनीस म्हणून ठेवले. १९४५ साली ओकिनावाच्या कड्यावरून सुमारे ७५ जखमींना खाली आणण्याचे श्रेय त्याला देतात. ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यानेही हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देऊन वैद्यकीय सेवा करायची तयारी दाखवली होती. लष्कराने ती मानली नाही. त्याच्या बिशपानेही त्याला कुटुंबाची जबाबदारी दाखवून परतवू पाहिले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ साली चर्चने त्याला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले. अधिकारी आणि धर्मगुरू, दोघांनीही हे नाव वर्गात घ्यावे अशी आमची विनंती आहे.

राहता राहिला नकारानंतरचा काळ. नकार देणाऱ्याचा पुढचा सेवा-अहवाल त्याच अधिकाऱ्याने लिहू नये. दुसऱ्या तुकडीतल्या समकक्ष अधिकाऱ्याने लिहावा. मंडळीत वेगळे मत देणाऱ्याकडचे शिकवण्याचे वा गायनाचे काम चौकशी संपेपर्यंत काढू नये, आणि काढलेच तर कारण लेखी द्यावे. सहा महिन्यांनी त्याच्याकडे कोणते काम आहे, तो बैठकीत बोलतो का, हे तिसऱ्या व्यक्तीने नोंदवावे. बाकीचे लोक तुमच्या धोरणाचा कागद वाचत नाहीत, ते या एका माणसाचे पुढे काय झाले ते पाहतात.

यातले तुमच्याकडे काय आधीच चालू आहे, काय सहा महिन्यांत सुरू करता येईल आणि काय अजिबात शक्य नाही व का, एवढे आम्हाला जाहीरपणे कळवावे. हे उत्तर ठरवताना चिठ्ठ्या जरूर काढा.

आपले,
गटांतल्या निर्णयपद्धतींचा अभ्यास आणि प्रशिक्षण करणारे आम्ही काही जण